मीठ, मछलीपट्टण आणि करोडगिरीचा नाका

आदिलाबादकडच्या नार्नूरच्या डोंगरात सगळे मिळायचे, एक मीठ सोडून. शेतात ज्वारी, तीळ, कापूस; रानात मोहफूल, चारोळी, डिंक, मध. थोडसम कुळीचे गोंड पौषात नार्नूरला खामदेवाच्या जत्रेला जमतात, तेव्हा कुळातली एक स्त्री घरी काढलेले तिळाचे तेल देवासमोर पिते. दोन-अडीच किलो तेल, एका बैठकीला. तेलाची एवढी चंगळ असलेल्या मुलखात मिठाचा खडा मात्र बाहेरून यायचा. आणि १९४८ पर्यंत नार्नूरच्या दृष्टीने 'बाहेर' म्हणजे परमुलूख. कारण नार्नूर निजामाच्या राज्यात होते, आणि निजामाच्या राज्याला समुद्र नव्हता.

जुन्या काळी हे मीठ लमाणांच्या बैलांवर यायचे. किनाऱ्यावर मिठाच्या गोण्या लादून तांडा निघायचा, दर मुक्कामी मीठ विकत आत शिरायचा आणि परतताना धान्य, कापूस भरून न्यायचा. आर्थर वेलस्लीच्या १८०३ च्या दख्खन मोहिमेत फौजेचे पोट याच बैलांवर चालले होते. पुढे रेल्वे आली, बैलांचा धंदा बसला आणि तांडे जागोजाग शेतीला लागले. नार्नूरभोवती आज जे लमाण तांडे दिसतात ते त्याच जमातीचे. एका मोठ्या अर्थव्यवस्थेची आणि तिच्या पोटात अडकलेल्या समुद्रहीन राज्याची देवघेव एकेकाळी या लोकांच्या पाठीवर होती, हे त्यांच्याकडे बघून आता कुणाच्या मनातही येणार नाही.

निजामाचे राज्य तसे लहान नव्हते. सुमारे ८२ हजार चौरस मैलांचा मुलूख आणि १९४१ च्या जनगणनेत एक कोटी साठ लाखांवर माणसे. युरोपातले कितीतरी देश त्यात मावले असते. पण व्यापारात आकाराला भाव नसतो, शेजाऱ्याला असतो. आणि या राज्याला चारही बाजूंनी एकच शेजारी होता: इंग्रज.

समुद्र मुळात नव्हता असे नाही. मछलीपट्टण हे गोवळकोंड्याचे जुने बंदर. तिथल्या छिटांना इराणपासून हॉलंडपर्यंत गिऱ्हाईक होते. १७५९ मध्ये इंग्रजांनी फ्रेंचांकडून मछलीपट्टण घेतले. १७६६ च्या तहाने उत्तर सरकार म्हणजे आजचा आंध्रचा किनारा कंपनीकडे गेला. राहिलेला गुंटूर १७८८ मध्ये गेला. निजाम अलीने किनारा विकला म्हणा, गमावला म्हणा, कंपनी वर्षाला सात लाखांच्या आसपास पेशकश देईल या बोलीवर सोडला म्हणा. ती पेशकशही पुढे १८२३ मध्ये एकरकमी पैशात मिटवून टाकली गेली, आणि तो पैसा गेला पामर कंपनी नावाच्या हैदराबादेतल्या सावकारी पेढीचे कर्ज फेडण्यात. म्हणजे समुद्रही गेला आणि समुद्राचे भाडेही व्याजात गेले. या पामर पेढीला १८१४ साली पहिला परवाना मिळाला तेव्हा तिचा एक बेत गोदाकाठच्या जंगलातले लाकूड जहाजबांधणीसाठी नदीतून किनाऱ्यावर नेण्याचा होता. आदिलाबादच्या सागवानाकडे बाहेरचे डोळे किती आधीपासून लागले होते, ते यावरून कळते.

या सगळ्या तहांत खरा रोचक तह १८०२ चा. जेम्स अकिलीस कर्कपॅट्रिक रेसिडेंट असताना झालेला हा व्यापारी तह. त्यात निजामाला मछलीपट्टण बंदराचा मुक्त वापर, तिथे वखार ठेवण्याची मुभा आणि त्याच्या निशाणाच्या गलबतांना इंग्रजांचे संरक्षण मिळाले. कागदावर याहून जास्त काय हवे? पण निजामाकडे गलबते नव्हती, दर्यावर्दी नव्हते, आणि बंदरापर्यंतचा रस्ता कंपनीच्या मुलखातून जात होता. तहाचे दुसरे कलम मात्र जिवंत राहिले. वाटोवाटीची राहदारी बंद करून एकमेकांच्या मालावर एकदाच पाच टक्के जकात घ्यायची, असे ठरले. त्या पाच टक्क्यांनी पुढची जवळजवळ दीडशे वर्षे हैदराबादच्या व्यापाराचे माप ठरवले. मछलीपट्टण मात्र गाळाने भरत गेले, आणि १८६४ च्या नोव्हेंबरात आलेल्या तुफानात तिथली हजारो माणसे एका रात्रीत बुडाली. ज्या बंदरावरचा हक्क निजामाचे मंत्री पुढे १९३० च्या दशकातही जुने दप्तर काढून सांगत राहिले, ते बंदर तोवर नावापुरते उरले होते.

आदिलाबादच्या वाट्याला या कहाणीतले एक वेगळे प्रकरण आले, आणि ते नदीचे. अमेरिकेत यादवी सुरू झाली आणि १८६१ पासून लँकशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला. हिंगणघाट, चांदा आणि वऱ्हाडच्या कापसाला एकाएकी सोन्याचे मोल आले. पण हा कापूस समुद्रापर्यंत न्यायचा कसा? आर्थर कॉटनचे उत्तर तयार होते: नदीने. दवलेश्वरम् येथे गोदावरीवर त्याने बांधलेला बंधारा १८५२ पर्यंत उभा राहिला होता. वर्धा आणि वैनगंगेचे पाणी प्राणहितेत, प्राणहिता गोदावरीत, गोदावरी समुद्रात. होड्या हिंगणघाटच्या बाजूला भरायच्या आणि काकिनाड्याला रिकाम्या करायच्या. नकाशावर रेघ सुरेख दिसत होती. प्रत्यक्षात तीन जागी खडकांचे मोठे अडथळे होते: एक दुम्मागुडेमजवळ, दुसरा इचमपल्लीला, तिसरा प्राणहितेवर. शिवाय पावसाळ्यानंतर नदीत पाणी किती राहते, हे काठावरच्या कुठल्याही ढिवराने सांगितले असते.

या योजनेसाठी इंग्रजांना नदी मोकळी हवी होती. यादवीच्या आधीच, १८६० च्या डिसेंबरातल्या तहात, ती मिळाली होती. गोदावरीच्या डाव्या काठचे तालुके, सिरोंचा आणि भद्राचलम त्यांतलेच, निजामाने दिले. आणि नदीतून जाणाऱ्या मालावर जकात घेणार नाही असेही कबूल केले. बदल्यात रायचूर दुआब आणि नळदुर्ग-धाराशिव परत मिळाले, सुमारे पन्नास लाखांचे कर्ज माफ झाले आणि सुरापूर मिळाले. हिशेबाने पाहिले तर सौदा निजामाला वाईट नव्हता. १८५७ मध्ये त्याने दिलेल्या साथीचे ते बक्षीसच होते. पण बघा, समुद्र नसलेल्या राज्याच्या हातात एक नदी होती आणि तिच्यावरची जकातही त्याने सोडली, तीही शेजाऱ्याचा कापूस जावा म्हणून.

पुढे झाले असे की १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे नागपूरला पोचली. कापूस गाडीत बसून मुंबईला जाऊ लागला. दुम्मागुडेमला बंधारा, कालवा, लॉक यांवर पैसा ओतून १८७१ मध्ये सरकारने नदीचे काम सोडून दिले. नदीमार्ग झाला नाही, पण गेलेले तालुके काही परत आले नाहीत. सिरोंचा आज गडचिरोलीत आहे आणि तिथे मराठी-तेलुगू एकाच घरात बोलली जाते, त्यामागे लँकशायरच्या गिरण्यांची एक भूक आहे.

उत्तरेला पैनगंगेपलीकडे गोष्ट आणखी चमत्कारिक. पलीकडचे पांढरकवडा, वणी म्हणजे वऱ्हाड. वऱ्हाड १८५३ मध्ये फौजेच्या खर्चापोटी इंग्रजांकडे लावून दिले होते. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने ते वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमचे पट्ट्याने घेतले. सार्वभौमत्व मात्र निजामाचे. १९३६ नंतर तर त्याच्या किताबात 'हैदराबाद आणि वऱ्हाड' असे लागले आणि युवराज 'प्रिन्स ऑफ बेरार' झाला. पण वऱ्हाडातून पैनगंगा ओलांडून आलेली गाडी करोडगिरीच्या नाक्यावर थांबायचीच. स्वतःच्याच किताबातल्या मुलखातून येणाऱ्या मालावर हा राजा जकात घेत होता.

करोडगिरी म्हणजे निजामाचे जकात खाते. मराठवाड्यातल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी हा शब्द अजून ऐकू येतो, आणि कौतुकाने कुणी घेत नाही. पूर्वी जकातीचे मक्ते असायचे. पहिल्या सालारजंगाने, म्हणजे १८५३ ते १८८३ दिवाण असलेल्या मीर तुराब अलीने, कारभार सरकारच्या हाती आणला आणि राज्याच्या आतल्या जकाती उठवत आणल्या. उरली ती सीमेवरची, आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या मालावर साधारण पाच टक्के. नाक्यावर गाडी सोडायची, गाठोडे उघडून दाखवायचे, किंमत कारकून ठरवणार, पावती उर्दूत मिळणार.

आणि पैसे कोणते द्यायचे? राज्याचा रुपया वेगळा: हाली सिक्का. इंग्रजी रुपया तो कलदार. सात हाली म्हणजे सहा कलदार असा ढोबळ भाव. सरकारी दराने शंभर कलदारांना ११६ रुपये १० आणे ८ पै हाली. पैनगंगेपलीकडे तीस कलदारांना मिळणारा जिन्नस अलीकडे पस्तीस हालींना पडला तर ती महागाई नव्हती, नुसता गुणाकार होता. पण तो सातास सहाचा गुणाकार ज्याला येत नाही त्याला काट्यावर आणि वहीत दोन्हीकडे मारता येते. १९४० मध्ये जोडेघाटला गोंड पुढारी कुमरम भीमचा उठाव गोळ्या घालून मोडल्यावर मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हैमेंडॉर्फ या डोंगरांत आला आणि नार्नूरपासून फार लांब नसलेल्या मार्लवाईला राहिला. त्याच्या लिखाणात जमीन आणि जंगल खाते यांच्याबरोबर सावकार-व्यापाऱ्यांची ही पकड वारंवार येते. गंमत अशी की ऑस्ट्रियाचा हा माणूस युद्धकाळात इंग्रजांच्या लेखी शत्रुराष्ट्राचा नागरिक होता, म्हणून त्याला हैदराबाद राज्याबाहेर पडायची बंदी होती. त्याच्यासाठीसुद्धा ते राज्य चारही बाजूंनी बंद होते.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. निजामाने सीमेवर पाच टक्के घेतले याचा लोकांना जाच होताच. पण त्याआधी, बंदरावर, दुसरी जकात घेतली जात होती आणि तिच्यातली दमडीही हैदराबादला मिळत नव्हती. इंग्रज सरकारने १८८२ मध्ये बहुतेक आयात जकात उठवली होती, तेव्हा हा प्रश्न फारसा नव्हता. १८९४ मध्ये पाच टक्के परत आली, १९१६ मध्ये साडेसात, १९२१ मध्ये अकरा, १९२२ मध्ये पंधरा. मुंबई बंदरात उतरलेला शंभर रुपयांचा परदेशी कंदील जकातीसकट ११५ चा झाला. हैदराबादच्या सीमेवर त्यावर पाच टक्के बसले की वाहतूक आणि नफा सोडूनही पावणेएकशेएकवीस. पंधरा दिल्लीच्या तिजोरीत, पावणेसहा हैदराबादच्या. भरणारा एकच.

मिठाचेही तेच. १८८८ नंतर मिठावर मणी अडीच रुपये कर होता, १९०७ मध्ये तो रुपयावर आला. तो मिठागरातच वसूल व्हायचा. मीठ ज्या राज्यात खाल्ले जाईल त्या राज्याचा त्यात वाटा नाही. गांधीजींनी १९३० मध्ये दांडीला ज्या कराविरुद्ध मूठ उचलली, तो कर नार्नूरचा गोंडही भरत होता. इंग्रजांची प्रजा नसताना.

संस्थानिकांची ही तक्रार १९२९ च्या बटलर समितीच्या अहवालात नोंदली गेली. पुढे १९३२ मध्ये डेव्हिडसन समितीनेही संस्थानांच्या पैशाचा हिशेब मांडला. हैदराबादचे सर अकबर हैदरी गोलमेज परिषदेत संघराज्याच्या बाजूने बोलत, पण बंदर आणि जकात यांचा विषय सोडत नसत. तक्रार रास्त होती, यात मला शंका नाही. समुद्र असलेल्यांनाही फार सुख होते असे नाही: काठियावाडच्या बंदरांतून माल स्वस्तात आत येऊ नये म्हणून इंग्रजांनी १९२७ मध्ये वीरमगामची जकात-रेषा पुन्हा उभी केली. पण काठियावाडातल्या भावनगरला निदान भांडायला स्वतःचे बंदर होते. हैदराबादला फक्त तहाचा कागद. मात्र हेही सांगायला हवे की बंदरावरचा अन्याय ऐकून निजाम सरकारने आपले पाच टक्के कमी केले असे झाले नाही. वरच्याने लुटले तर खालच्याने सोडून द्यावे, असा कुठल्याच तिजोरीचा स्वभाव नसतो.

या कोंडीतून निघायचा एक मार्ग होता: बाहेरून घ्यायचे ते घरीच बनवायचे. १९३० मध्ये राज्याने रेल्वे कंपनीकडून विकत घेतली. काझीपेठ-बल्लारशा लोहमार्ग १९२९ पर्यंत पुरा झाला होता आणि आदिलाबादच्या पूर्व भागातून दिल्ली-मद्रास रस्ता मोकळा झाला. त्याच मार्गावर बांबूच्या भरवशावर सिरपूर पेपर मिल्स निघाली आणि त्या गावाचे नावच कागजनगर पडले. बोधनला साखर, वरंगळला आझमजाही गिरणी. कागद, साखर, कापड घरचे झाले. पण यंत्रांचे सुटे भाग, पेट्रोल, औषधे आणि तेच ते मीठ बाहेरूनच यायचे. रेल्वे तुमची असली तरी रूळ सीमेपाशी संपत नाहीत, ते दुसऱ्याच्या रुळांना जोडलेले असतात.

१९४७ मध्ये हे सारे एका प्रश्नात गोळा झाले: समुद्र नसलेला, एकाच शेजाऱ्याने वेढलेला मुलूख स्वतंत्र राहू शकतो का? निजामाला वाटत होते, राहू शकतो. गोव्याचे मुरगाव बंदर पोर्तुगिजांकडून मिळवायचा विचार त्याच्या सल्लागारांनी पुष्कळ घोळवला. मुरगाव आणि हैदराबाद यांच्यामध्ये मुंबई इलाख्याचा पट्टा होता. म्हणजे मछलीपट्टणचीच कथा, पश्चिमेकडे तोंड करून. नोव्हेंबर २९ ला भारताशी जैसे थे करार झाला आणि लगेचच राज्याने दोन हुकूम काढले: मौल्यवान धातूंची निर्यात बंद, आणि भारतीय चलन राज्यात अग्राह्य. त्यातच पाकिस्तानला वीस कोटींचे कर्ज, तेही भारत सरकारच्या रोख्यांत. दिल्लीने याला कराराचा भंग मानले. ज्याच्या दारातून आपले मीठ येते त्याचेच नाणे नाकारणे ही हिंमत म्हणावी की हिशेबातली चूक? मी चूक म्हणेन.

मग नाकी आवळली गेली. भारत सरकार म्हणत होते की बंदी फक्त शस्त्रांना आणि लष्करी उपयोगाच्या मालाला आहे. हैदराबाद म्हणत होते की पेट्रोल, औषधे, मीठ, पाणी शुद्ध करायचे क्लोरीनसुद्धा अडवले जाते. दोन्हींत तथ्य होते: दिल्लीतला हुकूम एक आणि सीमेवरच्या प्रांतांतले अंमलदार, रेल्वेचे लोक यांचा उत्साह दुसरा. हैदराबादचा पंतप्रधान मीर लायक अली हा मूळचा अभियंता-उद्योगपती. त्याला टंचाईचा अर्थ इतर मंत्र्यांहून जास्त कळत असणार. सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून विमानांतून शस्त्रे आणून बीदर, वरंगळला उतरवत होता. आकाशाला नाका नसतो. पण विमानातून बंदुका येतात, एक कोटी साठ लाख माणसांचे मीठ येत नाही.

सीमेच्या दुसऱ्या बाजूने स्टेट काँग्रेसचे कॅम्प उभे राहिले होते. आदिलाबादच्या डोक्यावर चांद्याचा कॅम्प, पी. व्ही. नरसिंह राव तेव्हा तिथे काम करत होते. स्वामी रामानंद तीर्थांच्या चळवळीत शिंदीची झाडे तोडणे, लेव्ही नाकारणे यांच्या जोडीला करोडगिरीच्या नाक्यांवर हल्ले हा ठरलेला कार्यक्रम होता. पोलीस ठाणी दूर आणि जड. नाका म्हणजे झोपडे, चार जवान, वह्या आणि एक आडवा बांबू. लोकांच्या लेखी निजामाचे सरकार म्हणजे बरेचसे तेच होते.

हैदराबादने २१ ऑगस्ट १९४८ ला सुरक्षा समितीकडे तक्रार नेली. पॅरिसमध्ये सुनावणी झाली ती १६ सप्टेंबरला, आणि तोवर भारतीय फौज आत शिरून तीन दिवस झाले होते. १७ ला सगळे संपले. समुद्र नसलेल्या देशांना बंदरापर्यंत वाट मिळावी याचा संयुक्त राष्ट्रांचा करार १९६५ चा. तो असता तरी काय झाले असते, हे नेपाळला विचारावे: १९८९ मध्ये भारताने बहुतेक नाकी बंद केली तेव्हा काठमांडूत रॉकेलसाठी रांगा लागल्या होत्या.

निजाम गेला म्हणून नाका मात्र लगेच गेला नाही. राज्यघटनेच्या ३०६ व्या कलमाने हैदराबादसारख्या 'ब' वर्ग राज्यांना केंद्राशी करार करून जुनी जकात आणखी काही वर्षे, जास्तीत जास्त दहा, चालू ठेवण्याची मुभा दिली होती; हे उत्पन्न एकदम तोडले असते तर राज्याच्या तिजोरीला भोक पडले असते. ती जागा भरायला १९५० मध्येच हैदराबादचा सर्वसाधारण विक्रीकर कायदा आला. हाली सिक्काही काही वर्षे कलदाराबरोबर बाजारात फिरत राहिला.

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचना झाली. आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे तालुके मुंबई राज्यात गेले, बाकीचा जिल्हा आंध्रात. आजचा जिवती तालुका तेव्हा राजुऱ्यात होता. त्यामुळे निजामाच्या काळात सीमेपासून आत असलेला नार्नूरचा पट्टा एका दिवसात राज्याच्या कडेला आला. त्याच पुनर्रचनेसाठी केलेल्या सातव्या घटनादुरुस्तीने ३०६ वे कलम काढून टाकले. सीमा नार्नूरजवळ आली ती करोडगिरीशिवाय आली, आणि जिवतीकडचे मीठ, कापड, बैल तेव्हापासून करोडगिरीची पावती न दाखवता अलीकडे येतात.